घोडचूक, पण कोणाची?

मुलुंडला राहणारे आणि फोर्टमधल्या एका कार्यालयात हिशेबाचे काम पाहणारे ५२ वर्षांचे एक वाचक लिहितात : लहानपणी परळच्या चाळीत आजोबांनी बुद्धिबळ शिकवले. नोकरी-संसारात ते सुटले आणि टाळेबंदीच्या काळात मोबाइलवर पुन्हा सुरू झाले. गेल्या जूनमध्ये, घरातली सगळी झोपल्यावर, एका अनोळखी परदेशी खेळाडूशी एक डाव झाला. प्रत्येकाला दहा मिनिटे आणि दर चालीला पाच सेकंद वाढीव, असा तो खेळ होता. पांढरी मोहरी माझ्याकडे होती. मी जाणूनबुजून एक हत्ती दिला, काळ्या राजाला उघड्यावर आणले आणि एक प्यादे जी ७ पर्यंत, म्हणजे शेवटच्या ओळीच्या एक घर अलीकडे, नेले. असा डाव मी आयुष्यात खेळलो नव्हतो. छत्तिसाव्या चालीला काळा राजा ई ७ वर होता आणि त्याचा वजीर एच ६ वर येऊन मातेची धमकी देत होता. मी प्यादे जी ८ वर ढकलले, त्याचा वजीर झाला आणि पुढच्या दोन चालींत माझ्यावर मात झाली. तिथे प्याद्याचा वजिराऐवजी घोडा केला असता तर शह बसून काळ्याचा वजीर माझ्या हाती येत होता. समोरच्याने ‘छान डाव’ अशा अर्थाचे दोन शब्द पाठवले. मी उत्तर न देता फोन बंद केला. आठ महिने झाले, रोज रात्री तो डाव उघडून पाहतो. पत्नी म्हणते, ‘हरलेल्या डावाचे सुतक किती दिवस पाळणार?’ सोळा वर्षांची मुलगी खाते बंद करायला सांगते. तिला मीच खेळ शिकवला होता, पण तिने तो सोडला. खाते बंद करू का? त्या माणसाला शोधून पुन्हा डाव मागू का? तो यंत्राच्या मदतीने खेळत असेल का? आणि जिंकलेला डाव हरल्याचे हे दुःख जाते तरी कधी?

नमस्कार,

तुमचे पत्र आल्यावर मी कपाटातला पट काढला आणि तुम्ही लिहिलेली मोहरी त्यावर मांडली. घोड्याबद्दलचे तुमचे म्हणणे बरोबर आहे. जी ८ वर उभा राहिलेला घोडा ई ७ वरच्या राजाला शह देतो आणि त्याच वेळी एच ६ वरच्या वजिरावर नजर ठेवतो. राजाला हलावेच लागते आणि वजीर जातो. त्याच घरात आलेला नवा वजीर मात्र ई ७ ला स्पर्शही करू शकत नाही, कारण ते घर त्याच्यापासून नेमके घोड्याच्या उडीवर आहे. मराठीत मोठ्या चुकीला घोडचूक म्हणतात. तुमच्या हातून घडली ती शब्दाला इतकी जागणारी आहे की, तुमची क्षमा मागून सांगते, पट मांडताना मला हसू आले.

यंत्राची शंका आधी दूर करू, म्हणजे ती मध्ये मध्ये डोकावणार नाही. यंत्राचा सल्ला घेणारा माणूस आपला वजीर अशा घरात आणून ठेवत नाही, जिथे प्याद्याचा घोडा होताच तो मारला जाईल. एका चालीपुढचा असा दुहेरी हल्ला यंत्राच्या नजरेतून सुटत नाही. तो तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या नजरेतून सुटला, एवढ्यावरून तरी त्या क्षणी समोर तुमच्यासारखाच एक माणूस होता असे मी मानते. रेटिंगचे सात-आठ गुण गेले, ते दोन दिवसांत परत आले, हे तुम्हीच लिहिता. म्हणजे तुमचे दुखणे गुणांचे नाही.

आता मला तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांकडे वळायचे आहे. ती सारांशात घेतलेली नाहीत, पण पत्रात आहेत. दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिता, ‘मला घोडा दिसला होता, पण बोटांनी घात केला.’ शेवटच्या परिच्छेदात लिहिता, ‘डाव संपल्यावर इंजिनाने घोडा दाखवला, तेव्हा पोटात खड्डा पडला.’ (इंजिन म्हणजे डाव तपासून चांगली चाल सांगणारा संगणकीय कार्यक्रम.) या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे कठीण आहे. मी तुमच्यावर खोटेपणाचा आरोप करत नाही. आठ महिने रोज रात्री एकच चित्र पाहिल्यावर, पहिल्यांदा काय दिसले आणि नंतर काय कळले यातली रेघ कोणाच्याही मनात पुसली जाते. पण तुमच्या दुःखाचे मूळ या रेघेवर आहे, असे मला वाटते. घोडा दिसला असेल, तर तुमच्या हातून एक यांत्रिक अपघात झाला. दिसला नसेल, तर ‘जिंकलेला डाव’ हे शब्द तुम्ही ज्या अर्थाने वापरता त्या अर्थाने तो डाव तुमच्या हातात कधी आलाच नव्हता.

हे थोडे कठोर वाटेल, म्हणून एक उदाहरण सांगते. नोव्हेंबर २०१४ मध्ये सोची येथे विश्वनाथन आनंद आणि मॅग्नस कार्लसन यांच्यात जगज्जेतेपदाची लढत चालू होती. पाच डावांनंतर दोघांचेही गुण समान होते. सहाव्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कार्लसनने सव्विसाव्या चालीला राजा चुकीच्या घरात नेला. आनंदने घोड्याने ई ५ वरचे प्यादे मारले असते, तर पारडे पूर्ण फिरले असते. संगणक सुरू ठेवून तो डाव घरबसल्या पाहणाऱ्या, उभ्या आयुष्यात एकही स्पर्धा न खेळलेल्या लोकांना ही चाल तत्काळ दिसली. पटावर बसलेल्या आनंदला ती दिसली नाही. त्याने दुसऱ्याच बाजूचे एक प्यादे पुढे सरकवले आणि तो डाव तो हरला. पुढे लढतही साडेचार विरुद्ध साडेसहा अशी गेली. त्या मिनिटाला ‘जिंकण्याची संधी’ कोणाकडे होती? इंजिनाने पडद्यावर दाखवलेल्या आकड्याकडे होती. पाचदा जगज्जेता झालेल्या माणसाकडे, त्याच्या डोक्यात, ती नव्हती. तुमच्या आणि आनंदच्या खेळात जमीन-अस्मानाचे अंतर असेल, पण या एका बाबतीत तुम्ही दोघे शेजारी शेजारी बसला आहात.

इंजिन हे मुळात अत्यंत उपयुक्त साधन आहे. मात्र त्याला तुमच्या घड्याळात किती सेकंद उरले होते हे ठाऊक नसते, रात्रीचे किती वाजले होते हे ठाऊक नसते, आणि हत्ती देताना तुमच्या छातीत किती धडधडले हे तर नसतेच. ते स्थितीचे मोल सांगते. त्या मोलाला आपण ‘माझे होते आणि गेले’ असे समजू लागलो, की जे कधी खिशात नव्हते त्याची चोरी झाल्याचे दुःख होऊ लागते. तुम्ही हिशेबाचे काम करता, म्हणून तुमच्याच भाषेत विचारते : जी रक्कम खात्यात कधी जमाच झाली नाही, ती तुम्ही तोटा म्हणून दाखवाल का?

तरीही पहिली शक्यता खोडायची नाही. ती तपासून पाहता येते. बहुतेक संकेतस्थळे आणि अ‍ॅप प्रत्येक चालीला लागलेला वेळ डावासोबत जपून ठेवतात. आठ महिने तुम्ही स्थिती पाहिलीत, आकडा पाहिलात. छत्तिसाव्या चालीशेजारचे सेकंद मात्र तुम्ही पाहिले असावेत असे पत्रावरून वाटत नाही. चाल दोन सेकंदांत झाली असेल, तर विचाराला वावच नव्हता. तीस सेकंद लागले असतील, तर तुम्ही काहीतरी शोधत होता, आणि काय शोधत होता हे आठवण्याचा प्रयत्न करण्यासारखा आहे. सेटिंगमध्ये जाऊन प्याद्याचा आपोआप वजीर करण्याचा पर्याय चालू आहे का, हेही पाहा. तो चालू असेल, तर प्यादे शेवटच्या घरात पोहोचताच तुम्हाला न विचारता वजीर होतो. तो आजच बंद करा. हा सल्ला मोबाइलवर खेळणाऱ्या सर्वांनाच देते. चार सेकंद वाचवण्यासाठी ठेवलेली ही सोय हजारात एखाद्या डावात घात करते, आणि नेमका तोच डाव लक्षात राहतो.

थोडे विषयांतर करते. आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात नियम गावोगावी निराळे असत, पण अनेक ठिकाणी प्यादे ज्या मोहऱ्याच्या पट्टीत शेवटच्या घरी पोहोचेल, त्याच मोहऱ्याचे रूप घेत असे. जी ही घोड्याची पट्टी आहे. तुमच्या आजोबांनी तुम्हाला कोणते नियम शिकवले हे तुम्ही लिहिलेले नाही, पण परळच्या त्या चाळीत देशी पद्धतीने पट मांडला जात असेल, तर तिथे तुमचे प्यादे निमूटपणे घोडाच झाले असते.

आता पत्नींच्या वाक्याकडे येते. त्या वैतागून बोलल्या असतील, पण नकळत त्यांनी नेमके निदान केले आहे. आपल्या घरांत सुतक फिटते, कारण त्याला दिवस ठरलेले असतात, विधी असतात, लोक भेटायला येतात, गेलेल्या माणसाविषयी बोलले जाते. तुमच्या डावाच्या बाबतीत यातले काहीच झाले नाही. मात झाली, पडद्यावर एक चौकट आली, तिच्यात ‘नवा डाव’ असे बटण होते, आणि तुम्ही फोन पालथा ठेवलात. समोरासमोरच्या खेळात डाव संपला की हस्तांदोलन होते आणि मग दोघेही, बहुधा हरलेलाच आधी, मोहरी पुन्हा मागे नेतात. ‘इथे तू उंट आणशील अशी मला भीती होती’, ‘मला वाटले तुला ते दिसले आहे’ अशी वाक्ये होतात. या बोलण्याला स्पर्धांच्या सभागृहांत नुसते ‘अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. त्याचे खरे काम चुका शोधण्याइतकेच डाव शांतपणे मिटवण्याचे असते.

मी स्वतः सुमार खेळते. काही वर्षांपूर्वी दादरच्या एका शाळेच्या सभागृहात भरलेल्या रविवारच्या रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांच्या, स्पर्धेत अकरा-बारा वर्षांच्या एका मुलाने मला हरवले, आणि मोहरी आवरता आवरता तो अतिशय आदबीने म्हणाला, ‘काकू, तुम्ही हत्ती हलवला नसता ना, तर मीच अडकलो होतो.’ मग त्याने ते करूनही दाखवले. त्या हरण्याचा डंख मला स्टेशनच्या पुलापर्यंतसुद्धा पुरला नाही. त्याच आठवड्यात फोनवर हरलेले दोन डाव मात्र अजून बोचतात, आणि त्या दोघांची नावेही मला ठाऊक नाहीत.

हरलेल्याने आपला डाव कसा सांभाळावा, याचा दाखला हवा असेल तर तो १८५१ चा आहे. लंडनमध्ये जून महिन्यात अडॉल्फ अँडरसन आणि लायोनेल किझेरित्स्की यांच्यात एक मैत्रीचा डाव झाला. अँडरसनने दोन्ही हत्ती, एक उंट आणि शेवटी वजीरही देऊन तेविसाव्या चालीला मात केली. आज तो ‘अमर डाव’ म्हणून ओळखला जातो आणि जगभर शिकवला जातो. तो छापून लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्यांत खुद्द हरलेला किझेरित्स्की होता. पॅरिसहून निघणाऱ्या आपल्या मासिकात त्याने स्वतःचा पराभव टिपणांसह प्रसिद्ध केला. त्याच्या जिंकलेल्या डावांची आठवण आज फार थोड्यांना असेल. तुमच्या डावात तर हत्ती देणारे तुम्हीच होता. कल्पना तुमची, हल्ला तुमचा, शेवटची मात तेवढी त्याची.

म्हणून खाते बंद करण्याच्या मी विरुद्ध आहे. बहुतेक ठिकाणी त्याने तो डाव पुसला जाणारही नाही. डाव दोघांचा असतो आणि समोरच्याच्या यादीत तो राहतोच. तुमच्याकडचा खेळ तेवढा जाईल. मुलीचा सल्ला प्रेमापोटी आला आहे, पण तिने नेमकी जी वस्तू टाकायला सांगितली, ती टाकण्यासारखी नाही. टाकण्यासारखी आहे ती रात्रीची सवय.

पुन्हा डाव मागण्याबद्दल मी साशंक आहे. समजा तो मिळाला आणि तुम्ही जिंकलात. त्याने जूनमधल्या जी ८ वर काही फरक पडणार नाही. हरलात, तर एकाचे दोन होतील. त्याऐवजी, ज्या दोन शब्दांना तुम्ही उत्तर दिले नाही, त्यांना आता उत्तर द्या. आठ महिने उशीर झाला तरी चालेल. साध्या इंग्रजीत एवढेच लिहा की तो डाव माझ्या लक्षात राहिला आहे, तुमचा बचाव चांगला होता, आणि वजीर एच ६ वर आणताना तुम्हाला घोडा दिसला होता का, हे जाणून घ्यायला आवडेल. विनवणी नको, खुलासा नको, पुन्हा खेळण्याची मागणी तर नकोच. तो कदाचित उत्तर देणार नाही. कदाचित त्याला डाव आठवतही नसेल, आणि हे वाचून तुम्हाला थोडे वाईट वाटेल, याचीही तयारी ठेवा. प्रश्न विचारला गेला, की बोलण्याची तुमच्या बाजूची निम्मी जबाबदारी पार पडते.

उरलेले निम्मे घरात होऊ शकते. एक वही घ्या आणि इंजिन बंद ठेवून पहिल्या चालीपासून तो डाव हाताने लिहून काढा. जिथे थांबून विचार केला होता, तिथे त्या वेळी काय वाटले होते तेवढे लिहा. नंतर कळलेले लिहू नका. हत्ती देताना काय दिसत होते? कशाची भीती होती? छत्तिसाव्या चालीपाशी आलात, की दिसला होता की नव्हता, याचे उत्तर बहुधा लिहिता लिहिताच मिळेल. लिहून झाल्यावर इंजिन एकदा सुरू करा, त्याचे म्हणणे वेगळ्या शाईने समासात टिपा आणि वही मिटा. डाव पुन्हा पाहावासा वाटला तर फोनऐवजी वही उघडा. वहीतला डाव पाहायला दिवा लावावा लागतो, मोहरी मांडावी लागतात, म्हणून तो रोज रात्री पाहिला जात नाही.

मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, आणि ती मला अख्ख्या पत्रात सर्वांत महत्त्वाची वाटली. तिने खेळ का सोडला, हे तुम्ही लिहिलेले नाही. कदाचित विचारलेलेही नाही. एखाद्या रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर खरा पट मांडा, छत्तिसाव्या चालीआधीची स्थिती ठेवा आणि तिला सांगा, ‘पांढऱ्याची चाल आहे, काय करशील?’ हा तुमचा डाव आहे हे आधी सांगू नका. तिला घोडा सापडला तर मोकळेपणाने वाहवा करा. तिनेही वजीरच केला तर मग खरे सांगा. दोन्हींपैकी काहीही झाले तरी त्या चालीकडे आठ महिन्यांत प्रथमच तुमच्याशिवाय आणखी कोणीतरी माणूस पाहील. पत्नींना चाली येत नसल्या तरी त्यांनाही जवळ बसवा. ज्याचे सुतक त्यांनी इतके महिने सोसले, त्याचे तोंड तरी त्यांना पाहू द्या.

मुलीला रस वाटला, तर पुढच्या रविवारी लास्करचा सापळा दाखवा. अल्बिन प्रतिगँबिट या सुरुवातीत काळा खेळाडू सातव्याच चालीला प्याद्याने जी १ वरचा घोडा मारतो आणि वजिराऐवजी घोडा घेऊन शह देतो. वजीर घेतला, तर पांढरा वजिराने वजीर मारून शह देतो आणि मग हत्तीने जी १ वरचा नवा वजीरही उचलून निसटतो. घोडा घेतला, तर पांढऱ्याची पंचाईत होते. अशी दहा-बारा उदाहरणे हाताखालून गेली, की प्यादे सातव्या घरी येताच डोळा आपोआप घोड्याची घरे मोजू लागतो. ज्यांचे दुःख ‘मला दिसलेच कसे नाही’ असे आहे, त्या सर्व वाचकांना याहून चांगला उतारा मला माहीत नाही.

एक काळजीची गोष्ट मात्र राहते. तुम्ही रात्री दीड-दोनपर्यंत जागता आणि सकाळी पावणेआठची लोकल पकडता, असे लिहिता. वही लिहून झाल्यावर, संदेश पाठवून झाल्यावरही महिनाभर झोप जागेवर आली नाही, कामात चुका होऊ लागल्या किंवा इतर कशातच मन रमेनासे झाले, तर ते बुद्धिबळाचे दुखणे राहिलेले नाही असे समजा आणि संकोच न करता डॉक्टरांना भेटा. तोवर रात्री अकरानंतर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. खेळायचेच असेल तर सकाळच्या गाडीत खिडकी मिळाल्यावर खेळा. भांडुप-कांजूरमार्गदरम्यान नेटवर्क गेले आणि घड्याळातला वेळ संपून डाव हरलात, तर त्याचे सुतक कोणी पाळत नाही.

वही लिहायला घेतलीत की मला पुन्हा पत्र लिहा. पट मी अजून आवरलेला नाही. छत्तिसाव्या चालीला किती सेकंद लागले होते, ते मात्र आधी कळवा.